मुळ्यावरची काळी अळी : रोझी, लुगेन्स की प्रॉक्सिमा?

दुधनाकाठ | 16 नोव्हेंबर, रात्री 9:40

मंडळी, प्रश्न साधा वाटतोय, पण आठ दिवस डोकं खातोय. सेलूजवळ चुलतभावाचं शेत आहे. कपाशी, तूर, आणि विहिरीलगत थोडा भाजीपाला. दिवाळीनंतर त्याने मुळा टाकला. रोप तीन आठवड्यांचं झालं आणि पानांची चाळण व्हायला लागली. पानावर काळपट हिरव्या, सुरकुतलेल्या अळ्या. बोट लावलं की वेटोळं करून टपकन खाली पडतात आणि मेल्याचं सोंग घेतात.

भाऊ दुकानात गेला, "अळी आहे" म्हणाला, दुकानदाराने बीटीची, म्हणजे अळी मारणाऱ्या जिवाणूची, पावडर दिली. दोन फवारे झाले. अळ्या जशाच्या तशा, उलट चांगल्या गुबगुबीत झाल्यात.

आता माझी अडचण. मोबाइलवरच्या ओळख सांगणाऱ्या ॲपने फोटो पाहून नाव दिलं 'अथालिया रोझी'. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या कपाटातलं जुनं पुस्तक म्हणतं 'अथालिया लुगेन्स प्रॉक्सिमा'. दुसरी एक पुस्तिका म्हणते 'अथालिया प्रॉक्सिमा'. एका अळीची तीन नावं, की तीन वेगळ्या अळ्या? बरणीत 22 अळ्या आणून ठेवल्यात. पोरांना काय सांगू?

मांजरातीर | 16 नोव्हेंबर, रात्री 10:15

सर, नाव नंतर. आधी पाय मोजा. पोटाखालच्या मांसल पायांच्या जोड्या किती आहेत?

दुधनाकाठ | 17 नोव्हेंबर, सकाळी 7:05

मोजले. पुढचे खरे पाय तीन जोड्या. त्यामागे एक वळकटी मोकळी, मग ओळीने सात जोड्या आणि अगदी शेवटी एक. म्हणजे पोटाखाली आठ. एकूण पाय 22.

चहाटळ | 17 नोव्हेंबर, सकाळी 7:20

22 अळ्या गुणिले 22 पाय, बरणीत 484 पाय आहेत. चपला लागल्या तर सांगा.

मांजरातीर | 17 नोव्हेंबर, सकाळी 8:30

मग तिथंच बीटीचा निकाल लागला. फुलपाखरं-पतंगांच्या अळीला पोटाखाली जास्तीत जास्त पाच जोड्या असतात. घाटेअळी घ्या, कोबीवरची चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी घ्या, पाचच्या वर जात नाही. उंटअळीला त्याहूनही कमी. आठ म्हणजे ही पतंगाची नव्हेच, करवत माशीची अळी. नाव माशी असलं तरी घरातल्या माशीशी नातं नाही, मुंग्या-मधमाश्यांच्या घराण्यातली आहे.

भाजीपाल्यासाठी दुकानात मिळते ती बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिसचा कुर्स्टाकी हा वाण. तो पतंगवर्गीय अळ्यांच्या आतड्यात काम करतो. करवत माशीच्या अळीला तो लागू पडत नाही. तुमच्या भावाचे दोन पंप वाया गेले, दुसरं काय. मादीच्या वासाने नराला ओढणारे कामगंध सापळेही या अळीसाठी लावू नका, ते पतंगांचे असतात.

मी तीस वर्षं कृषी सहायक होतो. 'अळी आली' एवढं ऐकून बाटली पुढं सरकवणारे दुकानदार पाहिलेत आणि तेवढंच सांगून बाटली नेणारे शेतकरीही पाहिलेत. दोघांनी मिळून पाय मोजले असते तर पैसा वाचला असता.

काळी_रेगूर | 17 नोव्हेंबर, सकाळी 11:50

काका आमच्याकडं जिंतूरलाबी हीच खायलीय. मुळा अन् मोहरी दोन्हीवर. सकाळच्यापारी पानावर दिसायल्यात, ऊन चढलं की खाली ढेकळात जायल्यात. कामून?

मांजरातीर | 17 नोव्हेंबर, दुपारी 12:30

सवय आहे तिची. सकाळी आणि संध्याकाळी खाते, दुपारी ऊन टाळते. म्हणून वेचायची तर सकाळी. पत्र्याच्या डब्यात रॉकेल-पाणी घ्या, पानाला टिचकी मारा, ती आपसूक डब्यात पडते. सोंग घ्यायची खोड तिच्याच अंगाशी येते. रोप लहान असताना पाणी सोडलं तरी पुष्कळ बुडून मरतात. निंबोळी अर्क 5 टक्के ठेवा हाताशी. कोष जमिनीत असतो, म्हणून उन्हाळ्यात खोल नांगरट. आणि मोहरी फुलावर आली असेल तर विषारी फवारा घेण्याआधी दहादा विचार करा, मधमाश्या तिथंच असतात.

भिंगवाला | 17 नोव्हेंबर, रात्री 8:10

व्यवस्थापन झालं असेल तर मूळ प्रश्नाकडे येऊ का? ही अथालिया रोझीच आहे. मी मागच्या वर्षी संभाजीनगरात गच्चीवरच्या मोहरीवर प्रौढ माशीचे मॅक्रो फोटो काढले होते. नारिंगी पोट, काळं डोकं, पायांवर काळी वळी. युरोपातल्या संकेतस्थळांवरच्या रोझीच्या फोटोशी तंतोतंत जुळतं. ॲपही तेच म्हणतंय. पुस्तकं जुनी आहेत, नावं बदलत असतात.

सुईदोरा | 17 नोव्हेंबर, रात्री 11:35

भिंगवाला, फोटो अप्रतिम आहेत, आधी ते सांगते. पण "तंतोतंत जुळतं" हे वाक्य या वंशात फार लोकांना महागात पडलंय.

नारिंगी पोट, काळं डोकं आणि नडगीच्या-पावलाच्या पेरांना काळी टोकं हा अथालिया वंशातल्या बऱ्याच जणींचा गणवेश आहे. गणवेशावरून शाळा कळते, मुलगी नाही. रोझीमध्ये पाहायचं ते वक्षाच्या पाठीवर: बाजूचे दोन उंचवटे काळे, मागची ढाल नारिंगी, वक्षाची खालची बाजूही नारिंगी. पंख बुडाशी पिवळसर, पुढची कड काळी. आपल्याकडच्या पिकांवरच्या माशीचं वर्णन भारतीय पुस्तकांत येतं ते धुरकट पंख आणि काळ्या शिरा असं. तुमच्या तिसऱ्या फोटोत पंख मला धुरकट दिसतात. पण रंगावर मी पैज लावणार नाही. एकाच जातीत तो कमीजास्त होतो, मेलेल्या नमुन्यात बदलतो, आणि फ्लॅशमध्ये तर काहीही होतो.

ॲपचं म्हणाल तर त्याला जे फोटो दाखवले त्यातूनच ते बोलतं. रोझीचे फोटो युरोप आणि जपानमधून ढिगाने येतात, मराठवाड्यातून किती जातात? ज्याच्या अल्बममध्ये शेजारच्याच गावचे लोक आहेत तो तुम्हाला त्याच गावचा ठरवणार.

भिंगवाला | 18 नोव्हेंबर, सकाळी 6:50

मग कशावर पैज लावाल?

सुईदोरा | 18 नोव्हेंबर, सकाळी 9:15

करवतीवर. तिचं नावच तिथून आलंय.

मादीच्या पोटाच्या टोकाला अंडी घालायचं अवयव असतं, त्याची पाती चपटी आणि दातेरी. दोन पाती एकमेकींवर घासत मागेपुढे सरकतात, पानाच्या कडेला पापुद्र्याखाली चीर पडते आणि त्या खिशात एक अंडं. पान उजेडासमोर धरलंत तर कडेला बारीक फुगीर ठिपके दिसतील, ते तेच. या पात्यावरच्या दातांचा आकार, त्यांच्यातलं अंतर, प्रत्येक दातावरचे उपदात, हे जातीजातीत वेगळं असतं आणि रंगासारखं लहरी नसतं. नरात करवत नाही, तिथं जननांगातली छोटी झडप पाहतात.

आणि एक. अळीवरून जात ठरवायच्या भानगडीत सर तुम्ही पडू नका. वंशापर्यंत जाता येईल. बरणीतल्या अळ्या वाढवा, माश्या निघू द्या. तळाशी चार बोटं ओलसर माती लागेल. नुसती काळी माती घेऊ नका, सुकली की भेगा पडून कोष उघडे पडतील. निम्मी चाळलेली वाळू मिसळा. रोज ताजी पानं, तोंडाला जुन्या धोतराचं फडकं.

लॅटिनवेडी | 18 नोव्हेंबर, दुपारी 3:40

किड्यांतलं मला काही कळत नाही, नावांतलं थोडं कळतं, म्हणून नाक खुपसते.

'रोझी' म्हणजे 'गुलाबाची'. आणि ही माशी गुलाब खात नाही! मुळा, मोहरी, सलगम हे खाते. लिनिअसने 1758 मध्ये टेंथ्रेडो रोझी असं नाव दिलं, तेच आज अथालिया रोझी. पुढं क्रिस्टने 1791 मध्ये तिलाच कोलिब्री म्हटलं, फॅब्रिशियसने 1793 मध्ये स्पिनारुम, पान्त्सरने सेंटिफोली. स्पिनारुम म्हणजे काट्यांची, आणि सेंटिफोलिया म्हणजे शंभर पाकळ्यांचा गुलाब. म्हणजे एकाच मुळेखाऊ माशीला तिघांनी गुलाबाच्या ताटव्यात नेऊन बसवलं. इंग्लंडात जॉर्ज न्यूपोर्टने 1838 मध्ये सलगमवरच्या या माशीच्या शरीररचनेवर पुस्तक लिहिलं, ते सेंटिफोली या नावाने. आज ते शोधायचं तर रोझी म्हणून शोधून सापडणार नाही.

चहाटळ | 18 नोव्हेंबर, दुपारी 3:55

नाव गुलाबाचं, आणि खाते मुळा.

भिंगवाला | 18 नोव्हेंबर, संध्याकाळी 6:20

पण गुलाबावर करवत माशी असतेच की. माझ्याकडे फोटो आहेत, तीही काळी-नारिंगी.

सुईदोरा | 18 नोव्हेंबर, रात्री 10:05

असते, आणि गोंधळाचं एक मूळ तिथंच आहे. ती आर्गे वंशातली, कुळच वेगळं. युरोपातल्या गुलाबावरच्या आर्गेला जुन्या पुस्तकांत हिलोटोमा रोझी, आर्गे रोझी असंच म्हणायचे. आज तिचं नाव आर्गे ओक्रोपस. दोघी दिसायला बहिणी. एक 'रोझी' गुलाबाची नव्हे आणि गुलाबाची होती तिचं नाव रोझी राहिलं नाही.

यांना वेगळं करायला मात्र करवत लागत नाही, साधं भिंग पुरतं. मिशा बघा. आर्गेच्या मिशीला फक्त तीन पेरं, तिसरं लांबच लांब, काठीसारखं सलग. अथालियाची मिशी मण्यांच्या माळेसारखी, पेरं नऊहून जास्त, टोकाकडे जराशी जाड. भिंगवाला, तुमच्या गुलाबावरच्या फोटोत मिशी आली असेल तर एकदा बघाच.

भिंगवाला | 18 नोव्हेंबर, रात्री 10:30

तीन पेरं. काठी. अल्बमचं नाव 'अथालिया रोझी, गुलाब' असं ठेवलं होतं, आत्ता बदललं. गच्चीवरच्या मोहरीबद्दल अजून माघार घेतलेली नाही!

दुधनाकाठ | 19 नोव्हेंबर, रात्री 9:00

सुईदोरा ताई, एक निरीक्षण. बरणी साफ करताना चिमट्याने एक अळी जरा जोरात धरली गेली, तर तिच्या अंगावर थेंब आला. बोटाला डाग पडला. अळीला काही झालं नाही. बरणीबाहेर पडलेल्या एकीजवळ मुंग्या आल्या, हुंगल्या आणि निघून गेल्या. हे काय?

सुईदोरा | 19 नोव्हेंबर, रात्री 11:20

वा सर! याला 'सहज रक्तस्राव' म्हणू. कातडी मुद्दाम नाजूक असते. चिमटीत धरलं की फुटते आणि आतला द्रव बाहेर येतो. मोहरी-मुळ्याचा झणझणीतपणा ज्या ग्लुकोसिनोलेट द्रव्यांतून येतो, ती अळी पानातून घेऊन रक्तात साठवते. मुंगीला तो घोट नकोसा होतो. झाडाने किडींना पळवायला केलेला मसाला हिने स्वतःच्या चिलखताला वापरला.

गंमत पुढं आहे. जपानात या माशीचे प्रौढ क्लेरोडेंड्रमच्या झुडपावर जाऊन पानं कुरतडतात. भूक भागवायला नव्हे, त्यातली कडू द्रव्यं अंगात घ्यायला. आपल्याकडची भारंगी त्याच वंशातली मानली जायची, कुंपणाची कोयनेलही.

पण हे सगळं काम झालंय रोझीवर. म्हणून नावाचा एवढा अट्टाहास. तुमच्या बरणीतली रोझी असेल तर हे सगळं ज्ञान तिला लागू. नसेल, तर मुंगी निघून गेली एवढंच तुमचं. बाकीचं पुन्हा तपासावं लागेल. उद्या कोणी सेलूची कोयनेल तोडायचा सल्ला दिला तर आधी विचारायला हवं की कुठल्या माशीबद्दल बोलताय बाबा?

काळी_रेगूर | 20 नोव्हेंबर, सकाळी 10:10

ताई आमच्या आखाड्याला कोयनेलचंच कुंपण हाय. आज तासभर उन्हात थांबून बघितलं. एकबी नारिंगी माशी नाही. गांधीलमाशीनं मात्र कान फोडला.

दुधनाकाठ | 24 नोव्हेंबर, रात्री 8:45

22 पैकी तीन मेल्या. 19 मातीत गेल्या. काचेला लागून दोन कोष दिसतायत, मातीचे कण चिकटलेली लांबट डबी. आता वाट पाहणं.

तोवर जुन्या पुस्तकाबद्दल कोणी सांगेल का? 'लुगेन्स प्रॉक्सिमा' आणि नुसतं 'प्रॉक्सिमा' यात फरक काय? टंकनदोष नसणार.

लॅटिनवेडी | 24 नोव्हेंबर, रात्री 9:30

अर्थ मी सांगते, शास्त्र सुईदोरा सांगेल. लुगेन्स म्हणजे शोक करणारी, सुतकातली. अंगावर काळं जास्त असेल म्हणून असावं. प्रॉक्सिमा म्हणजे सर्वांत जवळची. कोणाला तरी हाताशी धरून दिलेलं नाव आहे, 'ही तिच्या अगदी जवळची' असं. जिच्यावरून एवढा घोळ चाललाय तिचं नावच 'जवळची' असावं!

सुईदोरा | 25 नोव्हेंबर, सकाळी 8:20

दोन्ही नावं बर्लिनच्या क्लुगने 1815 साली दिली, तेव्हा टेंथ्रेडो वंशात. अथालिया हा वंश लीचने 1817 मध्ये वेगळा काढला. म्हणून आज अथालिया प्रॉक्सिमा लिहिताना पुढं क्लुग, 1815 हे कंसात येतं. कंस शोभेचा नाही. नाव ठेवणारा हा, पण त्याने ठेवलं तेव्हा घर दुसरं होतं, एवढं तो सांगतो. सरांच्या पुस्तिकेत कंस नसेल तर पेन्सिलीने घाला.

आता दोन शब्द की तीन. तीन शब्द म्हणजे उपजात. 'लुगेन्स प्रॉक्सिमा' लिहिणारा म्हणतोय: युरोपातली लुगेन्स आणि आपली प्रॉक्सिमा एकाच जातीची दोन प्रादेशिक रूपं. 'प्रॉक्सिमा' एवढंच लिहिणारा म्हणतोय: ती स्वतंत्र जात. म्हणजे नावाच्या लांबीत मत दडलंय. आपल्या कृषी पुस्तकांत तीन शब्दांचं रूप रुळलं आणि एकातून दुसऱ्यात उतरत राहिलं. पूर्व आशियातली इन्फुमाटा, म्हणजे 'धुरकट', हिचंही तसंच: आधी लुगेन्सची उपजात, आता स्वतंत्र. बेन्सनने 1962 मध्ये या सगळ्या गटाची फेरतपासणी केली. त्यानंतर टेगर, ब्लँक आणि लिस्टन यांची 2010 ची जागतिक यादी हजाराहून अधिक पानांची आहे, आठ हजारांवर जाती. भारतातल्या करवत माश्यांवर पटियाळाच्या पंजाबी विद्यापीठात मलकियत सिंग सैनी यांनी मोठं काम केलं. सध्या प्रॉक्सिमा स्वतंत्र जात म्हणून लिहितात, मीही तेच लिहीन.

भिंगवाला | 25 नोव्हेंबर, सकाळी 9:00

म्हणजे जुनं पुस्तक चूक?

सुईदोरा | 25 नोव्हेंबर, सकाळी 9:25

चूक नाही, जुनं मत. ॲपचं 'रोझी' चूक असेल तर ती मात्र चूक. पुस्तक आणि पुस्तिका एकाच माशीबद्दल दोन मतं देतायत, ॲप दुसऱ्याच माशीबद्दल बोलतंय. सरांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे: तीन नावं, माश्या बहुधा दोन.

अजून एक घोळ आपल्या भाषेतला. आपण बोलताना 'प्रजाती' म्हणतो ते स्पीशीजला, पण काही पाठ्यपुस्तकांत प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. मी म्हणून वंश आणि जात हेच वापरतेय. पोरं परीक्षेत गुण घालवतात ते इथं.

मांजरातीर | 25 नोव्हेंबर, सकाळी 11:00

कूळ कुठलं लिहायचं? आम्ही टेंथ्रेडिनिडी शिकलो.

सुईदोरा | 25 नोव्हेंबर, दुपारी 1:10

काका, तेही हललंय. 2022 मध्ये जनुकीय माहितीवरून अथालियाचं वेगळं कूळ मांडलं गेलं, अथालिइडी. पोरांच्या वहीत टेंथ्रेडिनिडी असेल तर मी लाल शाई वापरणार नाही.

चहाटळ | 25 नोव्हेंबर, दुपारी 1:15

सातबाऱ्यावर फेरफार झाला, पण गावात अजून जुन्याच नावाने ओळखतात.

दुधनाकाठ | 8 डिसेंबर, सकाळी 7:30

निघाल्या! आज पाच माश्या. अंगठ्याच्या नखापेक्षा लहान, पोट नारिंगी, डोकं काळं, पंख... हो, धुरकट. फडक्याला चिकटून बसल्यात. भाऊ म्हणाला, "एवढीशी चीज, हिच्यासाठी आपण दोन पंप मारले?"

सुईदोरा | 8 डिसेंबर, सकाळी 8:05

पोटाचं टोक खालून पाहा. म्यानासारखं टोक बाहेर डोकावतंय का?

दुधनाकाठ | 8 डिसेंबर, रात्री 8:00

पाचही नर. एकीलाही करवत नाही.

मांजरातीर | 8 डिसेंबर, रात्री 8:25

सगळे नर? हे कसं?

सुईदोरा | 8 डिसेंबर, रात्री 10:40

मधमाशीसारखंच. या घराण्यात फलित अंड्यातून मादी होते, अफलित अंड्यातून नर. एखाद्या मादीला नर भेटलाच नाही तरी ती अंडी घालते आणि सगळे मुलगे होतात. सरांनी अळ्या एकाच कोपऱ्यातल्या रोपांवरून उचलल्या असतील तर एकाच कुमारीची पोरं असू शकतात. किंवा निव्वळ योगायोग, पाच म्हणजे काही आकडा नव्हे. थांबा अजून.

दुधनाकाठ | 13 डिसेंबर, रात्री 9:10

आज दोन वेगळ्याच निघाल्या! सडपातळ, लांब मिशा, कंबर अगदी बारीक. बरणीत दुसरी जात होती म्हणायची का? मी उत्साहात मुख्याध्यापकांनाही सांगून टाकलं.

सुईदोरा | 13 डिसेंबर, रात्री 9:40

अरे देवा. सर, कंबर! करवत माशीला कंबर नसते, वक्ष आणि पोट सरळ जोडलेलं असतं, सगळ्या गटाची खूणच ती. कंबर आली म्हणजे या परोपजीवी गांधीलमाश्या, इक्न्यूमन घराण्यातल्या. त्यांच्या आईने शेतातच तुमच्या अळीत अंडं घातलं होतं. मोहरीच्या करवत माशीवर पेरिलिसस सिंग्युलेटर नावाची एक नोंदलेली आहे. पण तुमची तीच, असं मी फोटोवरून म्हणणार नाही. नाहीतर भिंगवाला मला सोडायचे नाहीत.

मुख्याध्यापकांना सांगा की शेतात फुकटचे मजूर सापडले.

भिंगवाला | 13 डिसेंबर, रात्री 9:55

सोडणार नव्हतोच.

दुधनाकाठ | 19 डिसेंबर, रात्री 10:00

तीन माद्या. म्यान स्पष्ट दिसतंय. आता करवत कशी काढू? प्रयोगशाळेत साधा सूक्ष्मदर्शक आहे, बाकी काही नाही.

सुईदोरा | 19 डिसेंबर, रात्री 11:15

पुरेसं आहे. तीनपैकी एकच वापरा. एक टाचणीवर सुकवा, एक 95 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, पुढं कोणाला डीएनए पाहायचा झाला तर उपयोगी. अळ्या उरल्या असत्या तर त्या आधी गरम पाण्यात बुडवून मग अल्कोहोलमध्ये, नाहीतर काळ्या पडतात.

वापरायचीचं पोटाचं टोक कापा आणि 10 टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये रात्रभर ठेवा. मांस विरघळतं, कठीण भाग उरतो. हातमोजे घाला आणि पोरांना लांब ठेवा, ते कातडी खातं. सकाळी पाण्याने धुवा, पाण्यात थेंबभर व्हिनेगर. मग काचपट्टीवर ग्लिसरीनचा थेंब, आणि दोन बारीक सुयांनी म्यान उघडून पाती एकेक सुटी करा. खालचं पातं हवंय, दातेरी. घाई केलीत तर तुटेल. माझं पहिलं तुटलं होतं, दुसरंही.

दुधनाकाठ | 21 डिसेंबर, दुपारी 4:30

तुटलं.

चहाटळ | 21 डिसेंबर, दुपारी 4:32

लुगेन्स. शोक करणारे सर.

दुधनाकाठ | 22 डिसेंबर, रात्री 9:20

अर्धं तुटलं, पण टोकाकडचं अर्धं बरं आहे. मोबाइल आयपीसला टेकवून फोटो काढलाय, जोडतो. ओळीने दात, प्रत्येक दातावर आणखी बारीक दात. खरं सांगू, इतकी वर्षं जीवशास्त्र शिकवतोय, पण एवढ्याशा किड्याच्या पोटात अशी हत्यारं असतील असं वाटलं नव्हतं. बारावीची पोरं रांग लावून बघत होती. एक पोरगी सुताराची आहे, ती म्हणाली, "सर, आमच्या बापूची करवत अशी नाही. हिचे दात एका बाजूला कललेत."

सुईदोरा | 23 डिसेंबर, सकाळी 7:45

त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. ती नेमकं तेच पाहतेय जे पाहायचं असतं.

फोटो चांगला आहे. रोझीच्या छापील आकृतीशेजारी ठेवून पाहिला, दातांची ठेवण मला जुळत नाही. वक्ष-पंखांचा रंग, महिना, पीक, प्रदेश सगळं प्रॉक्सिमाकडे झुकतंय. पण पातं अर्धं आहे आणि शेजारी ठेवायला खात्रीचा प्रॉक्सिमा नमुना माझ्याकडे नाही. म्हणून मी म्हणेन: रोझी नव्हे असं बऱ्याच खात्रीने, प्रॉक्सिमा असं बेताच्या खात्रीने.

भिंगवाला | 23 डिसेंबर, सकाळी 8:10

गच्चीवरच्या अल्बमचंही नाव बदलतो. 'अथालिया, जात ठरायची आहे'. बरं दिसत नाही, पण चालेल.

काळी_रेगूर | 23 डिसेंबर, दुपारी 2:00

म्या म्हणतो, नाव काहीबी असू द्या, औषध तेच ना? मग एवढं कामून?

मांजरातीर | 23 डिसेंबर, दुपारी 2:40

भाऊ, तुझ्या रानापुरतं पाय मोजले तिथंच काम झालं, खरं आहे. पण उद्या जपानात कोणी या माशीचा बंदोबस्त शोधला, किंवा तिला खाणारी गांधीलमाशी शोधली, तर ती आपल्या माशीवर चालेल का हे कोण सांगणार? तेव्हा हे अर्धं पातं कामी येईल. बरं, तुझ्या मुळ्याचं काय झालं?

काळी_रेगूर | 23 डिसेंबर, दुपारी 3:05

टिचकी-डबा केला आठ दिस. मायनं, बायकोनं, म्या. आता नवी पानं साफ हायत. येळवशीच्या सणाला भज्जीसंग आमच्याच मुळ्याच्या चकत्या. या समदे.

दुधनाकाठ | 3 जानेवारी, रात्री 9:30

शेवटची नोंद. नमुने तीन भागांत ठेवले: टाचणीवर एक मादी आणि चार नर, अल्कोहोलमध्ये एक मादी आणि एक नर, काचपट्टीवर अर्धं पातं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात कीटकशास्त्राच्या लोकांना दाखवायला नेणार आहे. उरलेले नऊ कोष अजून मातीतच आहेत, बरणी हलवत नाही.

चिठ्ठी लिहायला बसलो तर पोरांनी वाद घातला. एक म्हणे प्रॉक्सिमा लिहा, एक म्हणे नुसतं अथालिया. शेवटी असं लिहिलं:

'अथालिया, प्रॉक्सिमाशी ताडून पाहावे. मुळा. सेलू परिसर, जि. परभणी. अळी 16 नोव्हेंबर, माशी 19 डिसेंबर. बरणीत वाढवलेली.'

सुईदोरा ताई, अक्षर चार मिलिमीटरच्या आत बसवायला त्या सुताराच्या पोरीलाच बसवलं. काही दुरुस्ती?

सुईदोरा | 3 जानेवारी, रात्री 10:10

गोळा कोणी केली ते राहिलं. भावाचं नाव घाला.